न ओढलेलं मीठ

आईनं पाय मिठाच्या वाफ्यात टाकला की आधी तिचा ओठ दाताखाली जायचा आणि मगच फळी पुढे सरकायची. थोरली लेक बांधावरून बघायची. क्रम कधी बदलायचा नाही. पाय, ओठ, फळी.

त्या वर्षी वारा भट्टीच्या तोंडातून निघाल्यासारखा सुटला होता. एरवी वाफ्यात सोडलेलं खारं पाणी सावकाश आटायचं, वर मिठाची साय धरायची, ती जाड झाली की माणसं लांब दांड्याच्या फळ्या घेऊन उतरायची. यंदा वाऱ्याला धीर म्हणून नव्हता. सकाळी साय, दुपारी खडा. ओलं आहे तोवर ओढून बांधावर ढीग घातला तर ते मीठ. राहिलं तर दगड, मग फळी बाजूला ठेवायची आणि पहार घ्यायची. त्यामुळे ओढायचे दिवस लागले की मिठागरावरचं माणूस बांध सोडत नसे. घरात कुणी तापानं फणफणत असो, दारात पाहुणा ताटकळत बसलेला असो.

पायांना तर कुणी विचारतच नव्हतं. खाऱ्या पाण्यात उभं राहून टाचा पांढऱ्या पडतात, मग भेगाळतात, मग एखाद्या भेगेत मिठाचा खडा शिरतो. शिरला की घर करतो. आईच्या डाव्या टाचेत त्यानं नुसतं घर नाही, चांगली ओसरी-पडवी बांधली होती.

खडा किती लांब जाऊ शकतो ते घरात सगळ्यांना माहीत होतं, कारण काका रोज डोळ्यांसमोर होते. बाबांचे हे धाकटे भाऊ बांधाच्या टोकाला बसून टोपल्या विणायचे आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्यापाशीच संपायचा. गावच्या दवाखान्यात पट्टीची खोली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. शहरातलं मोठं इस्पितळ गाठायचं तर अख्खा दिवस जायचा, आणि दिवस गेला म्हणजे वाफा गेला. काका "पुढच्या पाण्याला जाऊ" म्हणत राहिले. शेवटी गेले ते पाय तिकडेच ठेवून आले.

"माझा एक पाय शहरात राहतो," ते नव्या माणसाला सांगायचे. "मोठ्या लोकांत ऊठबस आहे त्याची. गावाकडे फिरकत नाही."

नवा माणूस हसावं की नाही या पेचात पडायचा. काका त्याची मजा बघायचे.

आता मात्र पट्टीची खोली होती. मीठ ओढून झालं, वाफे रिकामे झाले, की पाणी भरायचा दिवस यायचा. खाडीकडचं दार उघडून भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि हात पुसून मोकळं व्हायचं. त्या दिवशी अख्खं मिठागर दवाखान्याच्या ओसरीवर लोटायचं. लांब बाकावर सगळे पाय पुढे करून बसायचे, आणि पट्टीबाई एका टोकाकडून सुरुवात करायच्या. कोमट पाणी, चिमटा, मलम, पट्टी.

"या टाचेला मी आठवड्यापूर्वी काय सांगितलं होतं?" पट्टीबाई टाचेशीच बोलायच्या. "कोरडी राहा म्हटलं होतं ना?"

"तिला ऐकू येत नाही," आत्या बाकावरून म्हणायची. "आमच्या घरात वहिनीच कुणाचं ऐकत नाही, टाच कशी ऐकेल."

आत्या बाबांची धाकटी बहीण. जीभ तिखट, हात त्याहून चलाख. थोरलीला ती वकिलीणबाई म्हणायची, कारण या वर्षी शाळेत वर्गासमोर उभं राहून बोलायची भीती अचानक गेली होती आणि तेव्हापासून थोरलीच्या तोंडाला कुलूप राहिलं नव्हतं. ती मास्तरांना प्रश्न विचारायची, गाडीवाल्याला विचारायची, वाऱ्याला सुद्धा विचारून बघितलं असतं.

मोजणीवाला आला तो ओढायच्या ऐन दिवसांत. आरोग्य खात्याचा तरुण पोरगेला माणूस, गळ्यात ओळखपत्र, पायांत नवेकोरे बूट. बुटांनी त्याची टाच चांगलीच सोलली असावी, कारण तो बगळ्यासारखा एका पायावर भार टाकून बांधावर उभा होता. थोरली शाळेतून येऊन आईला पाणी द्यायला आली होती.

"काकू, एकच प्रश्न," तो वाफ्यातल्या आईला म्हणाला. "दवाखान्यातली पट्टीची खोली चालू ठेवायची झाली, तर त्यासाठी तुम्ही काय द्यायला तयार आहात?"

आईनं फळी थांबवली नाही. "काही नाही."

"म्हणजे थोडंसं काहीतरी?"

"काही नाही म्हटलं ना."

पलीकडच्या वाफ्यातून आत्या म्हणाली, "माझंही तेच लिही बाबा." त्याच्या पलीकडच्यानं मान हलवली. बांधाबांधानं तेच उत्तर पुढे गेलं. मिठागरावर बाहेरचा माणूस येऊन 'काय देता' असं विचारू लागला की उत्तर ठरलेलं असतं. 'आहे' म्हटलं की ते न्यायला दुसऱ्या दिवशी कुणीतरी येतं, हे लहान पोरालाही कळतं. थोरलीला तर आईचा अभिमान वाटला. काय झटकन उडवून लावलं.

मोजणीवाल्यानं लिहून घेतलं. मग लंगडत दवाखान्यात गेला, रिकाम्या बाकासमोर बसला, किती माणसं येतात ते मोजलं. ओढायचे दिवस. बाकावर एक मांजर होतं.

पुढचा पाणी भरायचा दिवस आला तेव्हा पट्टीबाई टाचेशी बोलल्या नाहीत. पट्टी गुंडाळता गुंडाळता खाली मान घालून म्हणाल्या, "हंगाम संपला की ही खोली बंद होतेय. माझी बदली झालीय."

बाकावरचे पाय हलायचे थांबले.

"का?" आईनं विचारलं.

"या खोलीच्या पैशांत एक यंत्र येतंय. पेटीसारखं आहे. डोळ्याला लावलं की आतलं दिसतं, दृष्टी जायच्या आधी रोग कळतो." पट्टीबाईंनी गाठ मारली. "चांगलं आहे यंत्र. वाईट म्हणणार नाही मी. पण ते येणार ते या खोलीत. इथं कुणी येत नाही, आणि मिठागरवाल्यांना ही खोली काडीच्या मोलाची वाटत नाही, असं कागदावर आलंय."

"कुणी सांगितलं असं?" आत्या उसळली.

"तुम्हीच."

आईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिनं पाय खाली ठेवला आणि पट्टीबाईंनी उगाच धरून ठेवलेली कात्री त्यांच्या हातातून काढून ताटात ठेवली.

दवाखान्याच्या मोठ्या मॅडम कधीमधी यायच्या. थोरलीनं त्यांची गाडी शाळेच्या खिडकीतून बघितली आणि सुटी झाल्याबरोबर धूम ठोकली. मॅडम औषधांच्या कपाटासमोर उभ्या होत्या. उंच, केस पिकलेले, चष्मा कपाळावर.

"मॅडम, पट्टीची खोली का बंद करताय?"

शिपाई तिला बाहेर काढायला पुढे आला. मॅडमनी हातानं थांबवलं आणि स्टूल पुढे सरकवलं. थोरली बसली नाही. बसलं की आवाज बसतो, असं तिचं मत होतं.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या, "पैसा एकच आहे. तो इथं घातला की तिथं घालता येत नाही. तुला वाटत असेल, या खोलीला काय लागतं, थोडा कापूस, थोडं मलम, एका बाईचा पगार. पण या खोलीची खरी किंमत ती नाही. ही चालू ठेवली म्हणून जे आणता आलं नाही, ती हिची किंमत. म्हणजे ती पेटी. म्हणजे कुणाचे तरी डोळे."

थोरलीला ते पटलं. पटलं म्हणून जास्तच राग आला.

"आणि खोली गेल्यावर आईनं शहरात जायचं, वाफा दगड होऊ द्यायचा, ते कुठं लिहिलंय?"

"कुठंच नाही. आम्ही दवाखान्याचा खर्च मोजतो."

"म्हणजे तुमचा खर्च कमी झाला आणि तो उचलून आमच्या बांधावर टाकला. कमी कुठं झाला? जागा बदलली फक्त."

मॅडमनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडे नीट बघितलं. "बरोबर आहे. पण तो बांधावर पडतो हे मला बांधावरच्यांनी सांगायला हवं होतं. विचारायला माणूस पाठवला होता मी. तुमचे लोक म्हणाले, काही नाही."

"त्यांना वाटलं तुम्ही काही घ्यायला आलात."

"असेल. पण तोंडानं मागणारे सगळेच असतात गं. ज्या गावात जाते तिथं सगळ्यांना सगळं हवं असतं. ते मिळवायला माणूस हातातलं काय सोडतो, ते दिसलं की मला कळतं त्याची गरज केवढी आहे." त्या कपाटाकडे वळल्या. "बैठक आहे पुढच्या आठवड्यात. या सगळे. तिथं ठरेल."

बैठकीचा दिवस ऐकला आणि थोरलीनं आपल्या बोटांवर हिशोब केला. पाणी भरून झालेलं, वारा असाच, म्हणजे साय नेमकी त्याच सकाळी धरणार. तिनं दिवस बदलायला सांगितलं. शिपाई म्हणाला, साहेब लोक तुझ्या मिठाला विचारून येत नसतात.

घरी भाताच्या भांड्याभोवती सगळे बसले तेव्हा थोरलीनं हे सगळं एका दमात सांगितलं. मॅडमचा आवाजही काढून दाखवला. काका हसले. बाबा हसले नाहीत.

"ओढायच्या दिवशी बांध सोडायचा?" बाबा म्हणाले. "आजवर कुणी सोडलाय?"

"मी सोडला होता," काका म्हणाले. "उशिरा."

"तू गप्प बस." बाबांनी ताट पुढे सरकवलं. "मुकादम काय म्हणेल? सगळा वाफा दगड. हंगामाच्या तोंडावर कामावरून काढलं तर खायचं काय, पट्ट्या?"

"दादा, तू तर आत्ताच मुकादमासारखा बोलायला लागलास," आत्या म्हणाली. "टोपी तेवढी राहिली घालायची."

"मग तुम्ही सांगा ना, वन्सं," आई पहिल्यांदाच बोलली. "तुम्ही काय कराल?"

आत्यानं ताटातली शितं बोटानं गोळा केली. बोलणं वेगळं आणि वाफ्यातलं मीठ डोळ्यांदेखत दगड होऊ देणं वेगळं. ते मिठागरावरच्या माणसाला बघवत नाही. उतू जाणारं दूध बघत बसल्यासारखं, हात आपोआप पुढे होतो.

"तू करशील ते," आत्या शेवटी म्हणाली.

आई उठली, भांडी घेतली, डाव्या पायाची टाच वर धरून चवड्यावर चालत मोरीकडे गेली. थोरलीनं बाबांकडे बघितलं. बाबा त्या टाचेकडे बघत होते. मग त्यांनी नजर वळवली, आणि वळवली ती नेमकी काकांच्या दुमडून खोचलेल्या पायजम्यावर पडली. मग त्यांना बघायला जागाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी फळीनं बांधाचा चिखल थापताना आई जरा थांबली, टाच हातात धरून. मुकादम छत्री घेऊन बांधावरून चालला होता. "पाय दुखतो तर खुर्चीवरचं काम बघ बाई," तो म्हणाला आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन पुढे गेला. आईची फळी त्या दिवशी जरा जोरात आपटत होती.

बैठकीची सकाळ उजाडली तेव्हा वाफ्यांवर साय धरली होती. पांढरी, सलग, कडेला थोडी ओली. हंगामातली सगळ्यात चांगली साय. जणू मुद्दाम. थोरली शाळेत गेलीच नव्हती. शाळेत तिनं सांगून ठेवलं होतं की उद्या पोटात दुखणार आहे. सगळे फळ्या घेऊन बांधावर उभे होते आणि कुणी उतरत नव्हतं. सगळे एकमेकांकडे चोरून बघत होते.

आई उतरली.

थोरलीला वाटलं, संपलं. आई वाफ्याच्या मधोमध गेली, फळी उलटी केली आणि दांडा सायीतून खालच्या चिखलात रोवला. दोन्ही हातांनी दाबून. फळी वर, आभाळाकडे. मग ती तशीच परत बांधावर आली, डोक्याचं फडकं घट्ट बांधलं आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागली.

"ए बाई," मुकादम ओरडला. "ए, कुठं?"

"खुर्चीवरचं काम बघायला," आई म्हणाली. मागे वळली नाही.

आत्यानं आपली फळी रोवली. मग तिच्या पलीकडच्यानं. मग जो तो उतरू लागला, रोवू लागला, परतू लागला. सगळे नाही. काही जण मान खाली घालून ओढायला लागले, त्यांनाही घरं होती. पण रस्त्यावरून थोरलीनं वळून बघितलं तेव्हा पांढऱ्या सायीत फळ्या ताठ उभ्या होत्या आणि वारा त्यांच्यावर नुसता आपटत होता. बाबा बांधावर होते. त्यांची फळी हातातच होती.

रस्ता तापलेला. आईची पट्टी निम्म्या वाटेत सुटली. ती झाडाखाली बसली, पट्टी पुन्हा गुंडाळली. मागून चाकांचा खडखडाट आला. मिठाची हातगाडी होती, टोपल्या वाहायची. तिच्यात काका बसले होते, एक पाय पुढे सोडून, राजासारखे. गाडी बाबा ढकलत होते. घामानं न्हाले होते.

"चल, बस," बाबा आईला म्हणाले. तिच्याकडे न बघता.

"गाडीत आधीच एक गिऱ्हाईक आहे."

"मी अर्धाच माणूस आहे, वहिनी," काका म्हणाले. "जागा होईल."

आई बसली नाही. पण तिनं गाडीच्या कठड्यावर हात ठेवला आणि त्या आधारानं चालली.

दवाखान्याच्या ओसरीवर टेबलं मांडली होती. मोठ्या मॅडम, दोन साहेब, मोजणीवाला. एका बाजूला गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बायका बसल्या होत्या. त्यांतली शिंपीणबाई पुढे होती. तिची नजर हल्ली अशी झाली होती की सुईत दोरा ओवायला ती शेजारच्या पोरांना हाका मारायची. पेटी यावी म्हणून ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.

मॅडमनी कागद वाचला. पेटीनं किती जणांची दृष्टी वाचेल, पट्टीच्या खोलीत किती कमी माणसं येतात, मिठागरातल्या लोकांनी तिचं मोल काय सांगितलं. वाचून झाल्यावर वर बघितलं. ओसरीच्या पायऱ्यांवर, अंगणात, भिंतीला टेकून, मिठाचे पांढरे पाय उभे होते.

"तुम्हाला काही सांगायचंय?"

सगळ्यांनी थोरलीकडे बघितलं. थोरलीनं घसा साफ केला, कारण तिनं भाषण पाठ केलं होतं, चांगलं होतं, त्यात तीन वेळा 'आम्ही विचारतो' असं होतं. पण आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बाजूला केलं.

"तुमच्या माणसानं विचारलं होतं, काय देता म्हणून," आई मॅडमना म्हणाली. "मी म्हटलं काही नाही. खोटं बोलले. आज विचारा."

"काय देता?"

"आज ओढायचा दिवस आहे."

मोजणीवाला कागदातून वर बघेना. एक साहेब म्हणाले, "मुद्द्याचं बोला." पण शिवणवाल्या बायकांत कुजबुज झाली. शिंपीणबाई अर्धवट उठली. तिचं माहेर मिठागरावरचंच.

"वाफ्यात कोण आहे मग?" तिनं विचारलं.

"आमच्या वाफ्यांत कुणी नाही. फळ्या उभ्या आहेत."

शिंपीणबाई मटकन खाली बसली. "अगं बाई," ती हळूच म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "तुम्हाला नाही कळायचं ते. यांनी घरातला माणूस उन्हात सोडून यावं तसं केलंय."

मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं. "कळलं मला. नोंद करते. पण मग एक गोष्ट स्पष्ट सांगते, आणि ती मी लपवणार नाही. खोली राहिली तर पेटी यंदा येणार नाही. दोन्हींना पुरेल एवढं माझ्याकडे नाही. या शिंपीणबाईंना तसं तुम्हीच सांगा."

थोरलीला वाटलं, मॅडमनी हे बरं नाही केलं. आणि हेही वाटलं की यात खोटं काहीच नाही. आई शिंपीणबाईसमोर जाऊन उभी राहिली.

"ताई, तुझे डोळे मी मागत नाहीये," आई म्हणाली. "पण माझा पाय मी देणार नाही."

"मी पण डोळे देणार नाही," शिंपीणबाई म्हणाली.

"नको देऊस."

"नाहीच देणार."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग शिंपीणबाई बाकावर जराशी सरकली. आई तिच्या शेजारी बसली, आणि दोघींनी मिळून टेबलाकडे बघितलं. त्या नजरेनं मोजणीवाल्यानं उगाचच कागद सारखे केले.

"आम्हा दोघींना झुंजवून तुम्ही मोकळ्या होणार असाल तर नाही जमायचं," आई म्हणाली. "आधी हिशोब पुरा करा. शहरात जायचा दिवस घाला त्यात. दगड झालेला वाफा घाला. माझा दीर बसलाय तिथं गाडीत, त्याचा पाय घाला. मग जे काय कमीजास्त निघेल ते तोंडावर सांगा. ऐकून घेऊ. पण अर्ध्या कागदावर माझा पाय जाणार नाही."

"पाय शहरात सापडेल," काका गाडीतून म्हणाले. "पत्ता देतो."

कुणाला तरी हसू फुटलं. बहुधा मॅडमना. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मोजणी परत होईल," त्या म्हणाल्या. "पाणी भरायच्या दिवशी. आणि यात नुसता आमचा खर्च नाही, तुमचाही धरला जाईल. तोवर खोली बंद होणार नाही. मोजून पेटी भारी ठरली तर मी पेटीच आणीन, हेही ऐकून ठेवा."

"ऐकलं," आई म्हणाली. ती उठली नाही. "पट्टीबाई, आलोच आहोत तर पट्टी बदलून जातो."

पट्टीबाई कोमट पाणी घेऊन आल्या. बाकावर आईनं पाय पुढे केला. तिच्याशेजारी आत्यानं. मग ओसरीभर, पायरीपर्यंत, एकेक करून सगळ्यांनी पाय पुढे केले. साहेब लोकांना गाडीकडे जायचं होतं. त्यांना एकेका टाचेवरून लांब ढांग टाकत जावं लागलं, आणि कुणीही पाय आत घेतला नाही.

परत आले तेव्हा वाफे दगड झाले होते. फळ्या दगडात अडकून बसल्या होत्या, उपटता येईनात. मुकादम छत्री मिटून उभा होता. "तुम्हीच केलाय, तुम्हीच फोडा," तो म्हणाला. "मजुरी मिळणार नाही याची."

"मागितली कुणी?" आत्या म्हणाली आणि पहार उचलली.

फोडायला फार दिवस लागले. बाबांच्या तळहातांची सालं गेली. आईनं कोरड्या दगडावर उभं राहून पहार चालवली, आणि कोरडं असल्यामुळे टाच जरा भरून आली, त्यावर काका म्हणाले की मुकादमाला औषधाचे पैसे द्यायला हवेत. थोरली शाळेतून आली की ढेकळं टोपलीत भरायची. रोज संध्याकाळी तिचे हात चुरचुरायचे आणि तिला ते कुणाला तरी दाखवावंसं वाटायचं.

वाफे मोकळे झाले. खाडीचं दार उघडलं, पाणी आलं, आणि त्याच दिवशी मोजणीवाला आला. तेच बूट, जरा मळलेले. अजूनही तो डाव्या पायावर भार देत नव्हता. बांधावर उभा राहून त्यानं कागद काढला.

"काकू, तो प्रश्न परत विचारायचाय."

आई गुडघाभर पाण्यात उभी राहून दार बसवत होती. तिनं त्याच्या बुटांकडे बघितलं.

"बूट काढ."

"काय?"

"बूट काढ, खाली ये, मग विचार."

त्यानं आजूबाजूला बघितलं. आत्या कमरेवर हात देऊन उभी होती. काकांनी टोपली खाली ठेवली होती. थोरली बांधाच्या कडेला उकिडवी बसली होती, एकही गोष्ट चुकू नये म्हणून. त्यानं बूट काढले, मोजे काढले. टाचेवर बुटानं चावलेला फोड होता, फुटलेला, लालभडक. पँट वर केली आणि तो वाफ्यात उतरला.

खारं पाणी फोडाला लागलं. त्याचा ओठ दाताखाली गेला. डोळ्यांत पाणी आलं. पण तो बाहेर पडला नाही, हे मात्र थोरलीनं त्याच्या बाजूनं लक्षात ठेवलं.

आईनं तो ओठ नीट बघून घेतला. मग हात पुसले.

"हं," ती म्हणाली. "आता विचार."